आखूड नळीचा मोह

आमच्या गावच्या घरी एक लोखंडी फुंकणी होती. आजी तिने चूल फुंकीत असे. इतर घरांतल्या फुंकण्या बांबूच्या नाहीतर पितळेच्या असत. आमची मात्र जाड पत्र्याहून जाड, आतून गुळगुळीत आणि एका टोकाला करवतीच्या दातांचे वण असलेली होती. लांबी दीड वीत. दुसऱ्या टोकापासून जरा आत वरच्या बाजूला मुगाच्या दाण्याएवढी एक पितळी घुंडी होती. लहानपणी ती घुंडी आम्हा मुलांना फार आवडे. तिला बंदुकीच्या भाषेत ‘माशी’ म्हणतात आणि तिच्यावर डोळा लावून नेम धरतात, हे मला पुष्कळ उशिरा कळले. आमची फुंकणी म्हणजे एका बंदुकीचे तोंड होते.

ती गोष्ट मी पुढे सांगणारच आहे. यंदा तिची आठवण निघाली ती माझ्या नातवामुळे. तो छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे आमच्या जुन्या औरंगाबादेत, शिकतो आणि नेमबाजीच्या सरावाला जातो. गणपतीत घरी आला तेव्हा त्याने मला आपल्या मोबाईलवर चित्रे दाखविली. हत्यारे पिस्तुलाएवढी, पण रूप सगळे रायफलीचे. पुढे धरायला मूठ, मागे मिटता येणारा दस्ता, वर दुर्बीण. “आजोबा, पिशवीत मावते आणि खांद्याला लावता येते. दोन्हींची मजा!” असे म्हणताना त्याचे डोळे असे चमकले की मला आमच्या तात्यांचीच आठवण झाली. तात्या म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. १९४८ सालच्या उन्हाळ्यात हाच मोह त्यांनाही पडला होता.

हा मोह आहे मात्र फार जुना. वाचकांपैकी बहुतेकांनी दौलताबादचा किल्ला पाहिलाच असेल. तेथे बुरुजावर मेंढ्याच्या तोंडाची ती प्रचंड तोफ पाहिली की त्या काळच्या माणसाची कल्पना समजते. नळी जितकी लांब तितका मार लांब. ही कल्पना चुकीची नव्हती. जुनी काळी दारू सावकाश जळे. गोळी नळीतून जात असताना मागून वायूचा रेटा मिळत राहावा, तर नळीला लांबी हवी. शिवाय डोळ्याजवळची खाच आणि तोंडाजवळची माशी यांत अंतर जितके जास्त, तितकी नेमातली चूक कमी. म्हणून आपल्याकडच्या तोडेदार बंदुका माणसाच्या खांद्याला लागतील एवढ्या लांब असत. पेटता तोडा, कानावर रंजक, गजाने ठासलेली दारू, हा सारा संसार सांभाळीत बंदूकवाला एक बार काढी आणि दुसऱ्या बाराच्या तयारीला लागे.

तरीही आखूड बंदूक तेव्हाही होतीच. अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त अकबराच्या बंदुकांचे वर्णन केले आहे. पूर्ण मापाची नळी दोन गजांची आणि लहान सव्वा गजाची असे तो सांगतो, आणि त्या लहान बंदुकीचे ‘दमानक’ असे स्वतंत्र नावही देतो. मला या नावाची मौज वाटते. नुसती ‘लहान बंदूक’ म्हणून कोणाचे भागले नाही. तिला वेगळी जात मानावी लागली.

आखूड नळीची खरी गरज लागली ती घोडेस्वाराला. एका हाती लगाम, खाली धावते जनावर आणि हातात पुरुषभर लांबीची तोडेदार बंदूक, ही कल्पनाच करून पाहा! आमच्या मराठी स्वारांनी भाल्यावर आणि तलवारीवर भिस्त ठेवली, यात जुन्या चालीचे प्रेम असेल, पण शहाणपणही होते. युरोपात चाकाच्या चापाची बंदूक निघाली. तिला पेटता तोडा लागत नसे, आणि स्वाराच्या हाती पिस्तूल आले. त्याबरोबरच दुसरी एक गोष्ट घडली. तोडा नाही म्हणजे धूर नाही, वास नाही, आणि ते हत्यार झग्याखाली लपविता येऊ लागले. १५१७ च्या सुमारास सम्राट मॅक्सिमिलियन याने आपल्या मुलखात असल्या हत्यारांवर बंदी घातली. म्हणजे आखूड बंदुकीचा मोह आणि राज्यकर्त्यांना तिची वाटणारी धास्ती ही जवळजवळ जुळी भावंडेच.

पिस्तूल आणि लांब बंदूक यांच्या मधली जी स्वाराची बंदूक, तिला फ्रेंचांनी ‘काराबिन’ म्हटले. आपण तिची ‘कराबीन’ केली. दख्खनमध्ये फ्रेंच शब्द आणि फ्रेंच कवायत रुजली त्यात औरंगाबादेचा वाटा मोठा आहे. १७५१ मध्ये बुसी सलाबतजंगाला घेऊन याच शहरात आला. त्याच्या हाताखालचे कवायती शिपाई ते गारदी; हा शब्दही फ्रेंचच. १७५८ मध्ये बुसीने दौलताबाद हस्तगत केला, आणि १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर तो किल्ला मराठ्यांकडे आला. बुसीच्या तालमीत वाढलेला इब्राहिमखान गारदी पुढे पानिपतावर भाऊसाहेबांच्या बाजूने लढला, हे निराळे सांगावयास नको. उत्तरेकडे त्याच सुमारास इराणी-अफगाणी स्वारांबरोबर ‘शेरबच्चा’ नावाची आखूड, रुंद तोंडाची बंदूक आली. वाघाचा बछडा! नाव ठेवणारा मोठा रसिक असला पाहिजे. आकाराने पिल्लू आणि आवाजाने बाप.

शंभर वर्षांनी याच औरंगाबादेत घोडेस्वारांनी इंग्रजांना हादरा दिला. जून १८५७ मध्ये हैदराबाद कंटिन्जंटच्या पहिल्या रिसाल्याने बंडाचा पवित्रा घेतला. जनरल वुडबर्न पुण्याकडून फौज घेऊन आला. मीर फिदा अली या दफेदाराने कॅप्टन ॲबटवर गोळी झाडली. ती लागली नाही, आणि दफेदाराला मात्र फाशी झाली. कित्येकांना गोळ्या घातल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिले. क्रांती चौकातील काळा चबुतरा त्याची साक्ष देतो.

आता औरंगाबादेच्याच एका विद्यार्थ्याकडे येतो. अनंत लक्ष्मण कान्हेरे हा मूळचा खेड तालुक्याचा, कोकणातला. पण इंग्रजी शिक्षणासाठी औरंगाबादेस राहिलेला. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर त्याने गोळ्या झाडल्या. हातात ब्राउनिंग पिस्तूल होते. सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन याच्याबरोबर पेटीच्या चोरतळातून मुंबईस पाठविली होती, त्यांतलेच हे एक. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना फाशी दिली. कान्हेरे तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा होता. त्या वयाची मुले आज माझ्या नातवाबरोबर नेमबाजीला असतात, आणि हे लिहिताना माझा हात क्षणभर थांबला.

पिस्तुलाचा स्वभाव या घटनेत नेमका दिसतो. लांब बंदूक घेऊन नाट्यगृहात कोण शिरू देईल? पिस्तूल खिशात मावते. पण त्याला खांदा नाही, म्हणून माणसाला अगदी हातभर अंतरावर जावे लागते. म्हणजे मारणाऱ्याला परतीची वाट उरत नाही. कान्हेऱ्यांनी परतीचा विचार केलाच नव्हता, ही गोष्ट वेगळी.

मग पिस्तुलालाच खांदा दिला तर? जर्मनीतल्या माउझर कारखान्याने १८९६ साली नेमके हेच केले. त्यांच्या पिस्तुलाची नळी साडेपाच इंच, आणि ते ठेवायची पेटी लाकडी. ही पेटी पिस्तुलाच्या मुठीला मागून खटकन बसविली की तिचाच दस्ता होई. कारखानदारांचा उत्साह इतका की पुष्कळ पिस्तुलांवर हजार मीटरपर्यंतच्या नेमाच्या खुणा कोरलेल्या असत. हजार मीटरांवर उभा असलेला माणूस मला तर चष्म्यानेही दिसत नाही! पण विकणाऱ्याला गिऱ्हाइकाच्या मनातले कळलेले असते. नळी पिस्तुलाची असली तरी अंगाला रायफलीचा भास हवा असतो.

हे माउझर हिंदुस्थानात कसे पसरले, ती कथा तर कादंबरीला लाजवील. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्याच्या रॉडा कंपनीचा माल बंदरातून सोडवून आणताना तिच्याच एका कारकुनाने २०२ पेट्यांपैकी १९२ पोचत्या केल्या आणि दहा पेट्यांची गाडी दुसरीकडे वळविली. त्या दहांत ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे होती. पुढे १९१८ साली रौलट समितीने आपल्या अहवालात या पिस्तुलांचे वर्णन करताना, पेटी जोडली की हे हत्यार रायफलीसारखे खांद्याला लावून झाडता येते, हे मुद्दाम लिहून ठेवले. लपतेही आणि लांबही पोचते, सरकारला हीच जोडी झोंबली. ९ सप्टेंबर १९१५ रोजी ओरिसात बालासोरजवळ बाघा जतीन आणि त्यांचे चार साथीदार याच माउझरांच्या बळावर रायफली घेतलेल्या पोलिसांशी तास-सव्वातास झुंजले. काडतुसे आणि अंतर, दोन्ही बाबतींत त्यांची बाजू उणीच होती. चित्तप्रिय जागीच पडला. जतीन दुसऱ्या दिवशी गेले.

लष्करांनाही हा मधला मार्ग सापडत गेला. बोअर युद्धातून शहाणे होऊन इंग्रजांनी पायदळाची तीस इंची नळीची आणि घोडदळाची सुमारे एकवीस इंचांची अशा दोन बंदुका मोडीत काढल्या आणि १९०३ पासून सव्वापंचवीस इंच नळीची एकच रायफल सगळ्यांना दिली. तिच्या सरकारी नावातच ‘आखूड’ हा शब्द होता. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर ज्या थ्री-नॉट-थ्री आपण वर्षानुवर्षे पाहिल्या, त्या याच घराण्यातल्या. पुढे घोडे गेले, मोटारी आणि रणगाडे आले. अडचण तीच राहिली. रणगाड्यात बसलेल्याने लांब रायफल ठेवावी कुठे? १९४१ मध्ये स्टेनगन आली, तिच्यामागून कार्बाइन. जानेवारी २०२१ मध्ये ‘अस्मी’ नावाचे देशी हत्यार जाहीर झाले. महूच्या इन्फन्ट्री स्कूलचे लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड आणि पुण्याची एआरडीई संस्था यांनी ते चार महिन्यांत घडविले. नळी आठ इंचांची, गोळी नऊ मिलिमीटरची, खालचा सांगाडा कार्बन तंतूंचा. म्हणायचे पिस्तूल, पण मागे दस्ता आहेच. तोफखान्यातले, मोटारी चालविणारे, विमानातले, ज्यांचे हात दुसऱ्या कामात गुंतलेले असतात त्यांच्यासाठी ते योजिले. म्हणजे पुन्हा तोच जुना घोडेस्वार!

खासगी बंदूकधाऱ्याची गोष्ट मात्र वेगळी. त्याला ना रणगाडा हाकायचा असतो, ना लगाम सांभाळायचा. तरी त्याला हे मधले हत्यार का आवडते? नातवाशी बोलून मला जे उमगले ते असे. नुसते पिस्तूल झाडणे फार कठीण असते. लांब केलेल्या हातांवाचून त्याला आधार नाही. मनगट केसभर हलले तरी पंचवीस पावलांवर गोळी हातभर चुकते. दस्ता आला की खांदा, गाल आणि दोन हात असे चार ठिकाणी हत्यार टेकते आणि नवशिक्यालाही आपण नेमबाज झालो असे वाटू लागते. हे सुख लहानशा वस्तूकडून मिळते म्हणून जास्त गोड. अमेरिकेत तर यावरून केवढे रामायण झाले! तेथे १९३४ च्या कायद्याने ठराविक मापाहून आखूड रायफलीवर २०० डॉलरचा कर बसविला. त्या काळी ती रक्कम बंदुकीच्या किमतीहूनही भारी होती. पुढे मर्यादा सोळा इंचांची ठरली. मग लोकांनी ‘हे रायफल नव्हे, पिस्तूलच आहे’ म्हणून रायफलीच्या रूपाची पिस्तुले घेतली. २०१२ च्या सुमारास एका अपंग माजी सैनिकाला एका हाताने झाडता यावे म्हणून मनगटाला बांधायची पट्टी निघाली. धडधाकट लोकांनी तीच खांद्याला टेकविली. सरकारने २०२३ मध्ये त्यावर नियम केला, न्यायालयाने २०२४ मध्ये तो रद्द केला.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याचे सहावे कलम याविषयी स्पष्ट आहे. त्यासाठीचा वेगळा परवाना असल्याशिवाय कोणीही बंदुकीची नळी आखूड करता कामा नये. नातवाला मी हे कलम वाचून दाखविले तेव्हा तो म्हणाला, “स्वतःच्या बंदुकीचीसुद्धा?” स्वतःच्या बंदुकीचीसुद्धा. मग मी त्याला फुंकणी दाखविली.

आमचे गाव वैजापूर तालुक्यात, गोदाकाठी. आजोबांजवळ ठासणीची, टोपीची बंदूक होती; उभी केली तर आजोबांच्या हनुवटीला लागे. रानडुकरे हाकलण्यापलीकडे तिचा उपयोग नव्हता. १९४८ साल उजाडले तसे दिवस बिघडले. रझाकारांच्या बातम्या येत, रात्री गाव जागे राही. तात्यांचे मनमाडकडे सरहद्दीपलीकडच्या कार्यकर्त्यांशी येणे-जाणे होते. गाडीत कडब्याखाली बंदूक न्यावी तर तिचे टोक बाहेर डोकावे. शेवटी तात्या गावच्या लोहाराकडे गेले आणि नळी पुढून दीड वीत व दस्ता मागून वीतभर कापून आले. आजोबा दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. आजी व्यवहारी. ती म्हणाली, “भावजी, कापली ती कापली. तो तुकडा मला द्या, फुंकणीला होईल.”

तात्यांनी मळ्यात वीस पावलांवर मडके ठेवून बार काढला. मडके होते तसेच राहिले आणि तात्यांचे मनगट आठ दिवस सुजले. नळी कापल्याचे त्यांना कधी वाईट वाटले नाही. दस्ता कापल्याचे वाटले. मग त्यांनी मोडक्या नांगराच्या रुमण्यातून बाभळीचा एक दस्ता तासला आणि तो चामड्याच्या वादीने बंदुकीला बांधता-सोडता येईल असा केला. प्रवासात दस्ता निराळा, घरी आल्यावर जोडलेला. माउझरचे नाव तात्यांनी कधी ऐकले असेल असे मला वाटत नाही.

१७ सप्टेंबरला निजामाचे राज्य गेले. गावात गुढ्या उभारल्या. पण त्यानंतरचे पंधरवडाभर दिवस सांगताना आजीचा आवाज बदलत असे. आता भीतीने दिशा पालटली होती; आदल्या महिन्यापर्यंत जे घाबरत नव्हते, ते आता रानोमाळ झाले होते. अशाच एका पावसाच्या रात्री कुत्री भुंकू लागली. नदीकडच्या पांदीतून चार-पाच माणसे येताना दिसली. तात्यांनी उशाची बंदूक उचलली आणि अंगणातूनच बार काढला. बाभळीचा दस्ता खुंटीवरच राहिला होता. नळी उसळली, छर्रे वरच्या लिंबात गेले आणि त्या माणसांच्या डोक्यावर भिजलेला पाला पडला. मग अंधारातून एका बाईचा हंबरडा आला आणि मागोमाग ओळखीचा आवाज: “तात्या, मी हाय! पिंजारी!”

शेजारच्या गावचे पिंजारी होते ते. बायको, म्हातारी आई आणि दोन पोरे घेऊन आमच्याकडेच आसऱ्याला येत होते. आजोबांनी काही न बोलता तात्यांच्या हातून बंदूक काढून घेतली. ती पाचही माणसे तीन आठवडे आमच्या माळवदाच्या खोलीत राहिली. गावात कुजबूज झाली, पण आजोबांपुढे कोणी बोलले नाही. पुढे हत्यारे जमा करून घेतली तेव्हा आजोबांनी ती बंदूक सर्वांत आधी नेऊन दिली. दस्ता पुष्कळ वर्षे खुंटीवर होता; फुंकणी चुलीपाशी राहिली.

आम्ही मुले त्या पिंजाऱ्यांना चाचा म्हणत असू. दरवर्षी दिवाळीच्या आधी ते आमच्या गाद्या-रजया पिंजायला येत. तात्या मात्र त्या दिवशी काही ना काही काम काढून मळ्यात जात. एका वर्षी, मी दहा-बारा वर्षांचा असेन, पाऊस लांबल्यामुळे तात्या घरीच अडकले. आजीने चाचांसाठी चहा टाकला होता आणि लाकडे ओली म्हणून ती फुंकून दमली होती. चाचा उंबऱ्याशी टेकले, म्हणाले, “आणा वहिनी, मी फुंकतो,” आणि त्यांनी फुंकणी हातात घेतली. जाळ लागल्यावर त्यांनी ती उजेडाकडे धरून आरपार पाहिली, अंगठा पितळी घुंडीवर फिरविला.

“पुरी असताना केवढी होती?” त्यांनी तात्यांना विचारले.

तात्या खांबाला टेकून बसले होते. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी हनुवटीला हात लावून दाखविले. चाचांनी मान डोलावली, फुंकणी चुलीच्या कडेला उभी करून ठेवली, आणि चहा पिऊन, पिंजण खांद्याला लावून ते ओसरीवर कामाला बसले.